अर्धी शिवण

"आधी सरपण बाहेर काढायचं, मगच शिवण घालायची. उलटं केलंस की वीट." रोदिओन वासिल्येविच हे म्हणताना चष्म्याच्या वरून बघायचे आणि चिमटीत अदृश्य कापडाचा काठ धरल्यासारखा हात हवेत उचलायचे. सायकालला हे सगळं त्यांनी शिकवलं. सर्व्हर म्हणजे त्यांच्या बोलीत नुसतं लोखंड. त्या लोखंडात बसवलेल्या प्रत्येक कार्डाच्या पोटात कारखान्यातच जे फर्मवेअर भरलेलं असतं ती शिवण. आणि त्या कार्डाशी बोलायला यंत्रणेला जो ड्रायव्हर लागतो ते सरपण, कारण रशियनमध्ये ड्रायव्हर आणि जळाऊ लाकडं हे शब्द उच्चाराला जवळजवळ येतात आणि कुणीतरी कधीतरी थट्टेत केलेली अदलाबदल मग सगळ्यांच्या तोंडी बसली. शिवण चालू असताना धागा तुटला तर कार्ड मरतं, त्याला वीट झाली म्हणायचं. बिश्केकमधली या धंद्यातली सगळी माणसं असंच बोलतात. सरपण टाकलंस का, शिवण जुनी आहे, लोखंड तापलंय. इतकी वर्षं सायकालही असंच बोलत आली, आणि या शब्दांना या खोलीबाहेर दुसरं घरदार आहे हे ती विसरूनच गेली होती. रोदिओन वासिल्येविच आता मुलीकडे राहायला गेले, दूर, समुद्राच्या गावी. त्यांचा आवाज तेवढा इथे राहिला. तो कधी येईल ते सांगता येत नाही. चहा ओतताना येतो, नमाजेआधी वुझू करताना कोपरापर्यंत पाणी नेलं की येतो. त्या सोमवारी तो सकाळीच आला होता आणि तिने तो जसाच्या तसा फोनमध्ये बोलून टाकला होता.

सोमवारचा तिचा रोजा असतो. सोमवार आणि गुरुवार, आई करायची म्हणून. दुपारची नमाज आटोपून ती पुन्हा खुर्चीत बसली, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये धरला, आणि खिंडीपलीकडच्या गावातल्या वाचनालयात बसलेल्या उलकान एजेंना एकेक अक्षर सांगत राहिली. उलकान एजे वाचनालय सांभाळतात; एजे म्हणजे ताई, वयाने मोठ्या बाईला इथे सगळेच तसं म्हणतात. निवृत्तीचं वय उलटून गेलं तरी किल्ली त्यांच्याच कमरेला आहे. त्यांच्या टेबलाखालच्या सर्व्हरची यंत्रणा मागच्या आठवड्यात नवी झाली, आणि नव्या यंत्रणेतल्या ड्रायव्हरने डिस्क सांभाळणाऱ्या कार्डाकडे बघून मान फिरवली. शिवण फार जुनी आहे, मी उभा राहणार नाही, अशा अर्थाची एक ओळ पडद्यावर टाकून तो गप्प झाला. जागा कमी म्हणून जुनी यंत्रणा आपोआप पुसली गेली होती, त्यामुळे मागे जायची वाटही नव्हती. उपाय सरळ होता. ड्रायव्हर उतरवायचा, कार्डाची शिवण नवी घालायची, ड्रायव्हर पुन्हा चढवायचा. दरवेळी सायकाल हे इथे बसूनच करते, पण त्या गावची तार इतकी बारीक की मधूनच तुटते, आणि शिवण तुटक्या तारेवर घालत नाहीत. म्हणून उलकान एजेंचे हात आणि सायकालचा आवाज.

"आडवी रेघ. नाही, खालची नाही एजे, मधली."

"मधली म्हणजे वजाबाकीची?"

"हो, वजाबाकीची. मग आर. मग मोकळी जागा."

"अगं, मी शाळेत रशियन शिकवलंय चाळीस पोरांना एका वेळी, तू मला आर शिकवतेस. पुढे बोल."

ड्रायव्हर उतरला. शिवण सुरू झाली. पडद्यावर टक्के चढायला लागले आणि उलकान एजे ते विणताना टाके मोजावेत तसे मोठ्याने वाचायला लागल्या. सायकालने डोळे मिटले. सर्व्हरच्या खोलीतला वारा तिच्या कानाच्या पाळीवर येत होता आणि कानाची पाळी तिची नसल्यासारखी गार होती. "कशाला हात लावू नका आता," ती म्हणाली. "हात कशाला लावू बाई, हात तर हीटरवर धरून बसलेय," तिकडून आवाज आला. सायकालने तो ऐकला, पण त्यातला एक शब्द कानातून आत जायला उशीर लागला. तो आत पोचायच्या आधी तिकडे टक असं काहीतरी वाजलं, आणि मग पंख्याची घरघर, जी इतका वेळ फोनमध्ये होती आणि जिच्याकडे तिचं लक्षच नव्हतं, ती थांबली.

"अगं," उलकान एजे म्हणाल्या, "अंधार झाला."

मग त्यांनी सगळं सांगितलं, घाबरून नाही, थोड्या कौतुकानेच. सकाळी तू म्हणालीस ना, आज आधी सरपण बाहेर काढू, मग शिवण, दुपारी फोन करते. मी म्हटलं बरोबर आहे, ठिणगी उडते, राख उडते, यंत्राला सोसत नसेल. शेजारच्या असानकुलला हाक मारली. त्याने सगळी लाकडं उचलून अंगणात रचली, शेणीसुद्धा, आणि भट्टीत होती तीही विझवली. शिवणीचं तेवढं कळलं नाही, पण म्हटलं तू सांगशील. मग खोली अशी गारठली की बोटं वाकेनात, तुझी ती आडवी रेघ दाबायची कशी? म्हणून घरून विजेचा हीटर आणला. "तो लावल्यावर मघाशी दिवा जरा मिणमिणला होता," त्या म्हणाल्या, "पण तू बोलत होतीस, म्हटलं मध्ये बोलू नये."

सायकाल वाट बघत राहिली. आता रडू फुटेल, निदान एखादा हुंदका येईल. असं व्हायला हवं होतं. तिने स्वतःच्या आत डोकावून बघितलं, रात्री दाराची कडी लागली आहे का ते हाताने चाचपून बघावं तसं. कडी लागलेली होती. "एजे," तिने नेहमीच्या हळू आवाजात विचारलं, "किती टक्के झाले होते?" बेचाळीस. वीज आल्यावर फक्त बटण दाबून बघा आणि काय दिसतं ते सांगा, एवढं बोलून तिने फोन ठेवला. वीज आली. कार्ड उठलं नाही. वीट. आणि समोर पडदा, त्यावर तिचाच चेहरा पुसट, डोक्यावरचा रुमाल नीट बांधलेला. तिला वाटलं, ही बाई कुणीतरी शांत स्वभावाची दिसते.

तसं सगळे म्हणतात. सायकाल किती शांत. आई गेली तेव्हाही म्हणाले. वसंत ऋतू होता, जिन्यातल्या खिडकीखाली कुणीतरी कांदापात लावली होती खोक्यात, तिचा वास वर येत होता. गावाहून मावशी आली ती फाटकापासूनच आवाज लावत आली, रीतच आहे ती. गेलेल्या माणसाच्या घरी बाया दुरूनच कोशोक म्हणत येतात, रडणं आणि गाणं यांच्या मधलं काहीतरी, त्या त्या माणसासाठी तिथल्या तिथे रचलेलं, आणि घरातल्या बाया भिंतीकडे तोंड करून आतून उत्तर देतात. आतून उत्तर द्यायला सायकाल होती. कुराण शिकवणाऱ्या बाईंनी तिला आदल्या वर्षीच सांगून ठेवलं होतं, अश्रूंना मुभा आहे, आवाजाला नाही. त्या रागावून बोलत नाहीत कधी, मऊ हातांनी पुस्तक मिटतात आणि सांगतात. सायकालने आवाज आवरला. तिला ते जड गेलं नाही, ती कधीच मोठ्याने बोलणारी नव्हती. पण आवाज आवरला आणि मुभा असलेले अश्रूही त्याच्याबरोबर कुठेतरी मागे राहिले. मावशी दारात थांबली, उत्तराची वाट बघत थांबली, आणि मग एकटीच आत आली आणि चपला काढून कोपऱ्यात बसली. तिचा चेहरा तेव्हा कसा होता ते सायकालला आठवत नाही, तिच्या मोज्याला अंगठ्यापाशी रफू होतं ते आठवतं.

आई शिवणकारखान्यात होती. बाजाराच्या मागे तळघरात मशिनी, तिथे जन्म गेला तिचा. संध्याकाळी ती घरी आली की तिच्या केसांत, भुवयांत रंगीत धागे असायचे, आणि ज्या दिवशी जसं कापड तशी ती दिसायची, कधी निळी, कधी लाल. दुकानात गेलं की कपडा आधी उलटा करायची. वरून काय, वरून सगळेच चांगले दिसतात, शिवण आतून बघायची असते. दुकानदार वैतागायचे. सायकाल लोखंडात काम करायला लागली आणि तिने घरी येऊन सांगितलं की आम्हीही शिवण म्हणतो, तेव्हा आई इतकी हसली की तिला खोकला लागला. "मग टीप कुठली घालता?" तिने विचारलं होतं. "धावदोरा की बखिया?" आता कार्डाच्या पोटात बेचाळीस टक्क्यांवर अडलेली ती टीप डोळ्यांपुढे येते तेव्हा सायकालला मशिनीची सुईच दिसते, अर्ध्या बाहीत रुतून थांबलेली, आणि चाकावर कुणाचाच हात नाही.

त्या डिस्कवर काय होतं ते तिला माहीत होतं. तीच तर तिथे गेली होती उन्हाळ्यात सगळं बसवायला. उलकान एजे कित्येक वर्षं दरीतल्या म्हाताऱ्या बायांचे कोशोक गोळा करत होत्या. सख्ख्या बहिणीसारख्या त्यांच्या घरी जाऊन राहायच्या, पीठ मळून द्यायच्या, आणि कधीतरी एखाद्या दुपारी ती बाई आपणहून म्हणायला लागायची, नवऱ्यासाठी म्हटलेलं, मुलासाठी म्हटलेलं. सगळ्यांची अट एकच. हे वाचनालयात ऐका, पण गावाबाहेर जायला नको. आमचं रडणं शहरात कुणी चहा पिता पिता ऐकेल, ते नको. उलकान एजेंनी शब्द दिला होता, म्हणून शहरात नक्कल नव्हती. सगळं त्या एका लोखंडात, आणि जवळची बॅटरी कधीच निकामी झालेली. आवाज नीट येतो का बघायला सायकालने हेडफोन लावले होते. मुद्दाम नव्हे, पहिलंच जे लागलं ते. बातमा आपा नावाच्या एका बाईचं होतं, घोड्यावरून पडून गेलेल्या नवऱ्यासाठी. खोगिराचा पट्टा मीच आवळला होता, सैल ठेवला असता तर तू दारातच उतरला असतास, सैल ठेवला असता तर तुझा राग तरी ऐकला असता. सायकालने आवाजाची पातळी थोडी खाली केली, डावीउजवीकडे सारखा येतो का पाहिलं, आणि हेडफोन काढले. हे ऐकणं योग्य की नाही हे ती त्या रात्री नमाजेनंतर बराच वेळ माळेवर बोट ठेवून विचारत बसली.  पण सांभाळायला दिलेली वस्तू सांभाळायची असते, तिथे योग्यायोग्य विचारत नाहीत, एवढं तिला कळत होतं. पुढे शरदात बातमा आपाला झटका आला. हातपाय सावरले, वाचा गेली. तेव्हापासून दर शुक्रवारी ती वाचनालयात येते, हेडफोन लावते आणि स्वतःचा आवाज ऐकते. उलकान एजेंनी हे फोनवर सांगितलं होतं, दुसऱ्या कसल्याशा कामाच्या मध्ये, आणि सायकाल "बरं" म्हणाली होती.

"वीट?" दुसऱ्या दिवशी एर्मेक म्हणाला. एर्मेक तिचा वरिष्ठ, वयाने लहान, तोंडाने मोठा. "कशी काय, तुम्ही तर बिस्मिल्ला म्हटल्याशिवाय माउसला हात लावत नाही."

तिने सांगितलं. सरपणाचं सांगताना तो हसायला लागला, खुर्चीसकट मागे गेला, डोळे पुसले, पलीकडच्या खोलीतल्या दोघांना हाक मारून पुन्हा सांगायला लावलं. तेही हसले. सायकालही हसली, कारण गोष्ट हसण्यासारखीच होती. "शेणीसुद्धा!" एर्मेक म्हणाला. मग तिच्याकडे बघून थांबला. "एजे, तुमचं एक वाईट आहे. तुम्ही रडत नाही, ओरडत नाही, त्यामुळे माणसाला कळतच नाही किती बिघडलंय. काय आहे त्या डिस्कवर?"

"बायांचे आवाज."

"फक्त तिथेच?"

"फक्त तिथेच."

तो नखाने टेबल खरवडत बसला. मग म्हणाला, भांडारात ते मेलेलं लोखंड पडलंय ना खिडकीखाली, त्यात तेच कार्ड असणार. काढून घ्या. बदल्यात मला काही नको, पण चांगली बातमी आली तर तिचं बक्षीस, सुयुंचू, सोडणार नाही हां, पहिला हक्क माझा.

कार्ड तेच निघालं. तिने त्याच्यावरची धूळ मऊ ब्रशने काढली, आईच्या मशिनीच्या दाताखालची धूळ काढायची तशी, आणि कामाच्या टेबलावरच्या यंत्रात बसवलं. याचीही शिवण जुनीच होती. तिने ड्रायव्हर उतरवला. वीज दोन वेगळ्या तारांवरून घेतली. मग बिस्मिल्ला म्हणून शिवण सुरू केली आणि आकडे बघत राहिली. बेचाळीस आले आणि गेले. त्याचंही काही वाटलं नाही. शिवण पुरी झाली, ड्रायव्हर चढला, मुकाट्याने उभा राहिला. गाव दूर नसतं तर एवढ्यावर सगळं मिटलं असतं. पण खरी भीती इथून पुढे होती आणि ती कुणाला सांगायला गेलं तर समजवायला वेळ लागतो. डिस्कना काही झालेलं नव्हतं. त्यांच्यावर आवाज कुठे कसे ठेवलेत ती मांडणी मात्र मेलेल्या कार्डाने केलेली. नवं कार्ड लावलं की ते ती मांडणी बघणार आणि ओळखणार नाही. ते काय करतं ते बघायला तिने दोन जुन्या डिस्क आणून लावल्या, दुसऱ्याच कुठल्या यंत्रातल्या. काळ्या पडद्यावर प्रश्न आला. परकी मांडणी सापडली आहे. स्वीकारायची की पुसायची? खाली दोन अक्षरं, एकमेकांना चिकटून. ती त्या प्रश्नाकडे बघत राहिली. पंखा फिरत होता. यंत्र प्रश्न विचारून थांबलं होतं, त्याला घाई नव्हती. त्याच्या दृष्टीने दोन्ही उत्तरं सारखीच होती. तिला एकदम मोज्याचं रफू दिसलं, अंगठ्यापाशीचं, तपकिरी मोज्याला काळ्या धाग्याचं. दारात थांबलेली मावशी. मग ते गेलं. तिने स्वीकारायचं अक्षर दाबलं आणि जुन्या डिस्क उघडल्या. त्यांच्यावर कुठल्याशा बंद पडलेल्या कंपनीची हजेरी होती.

"पाठवून दे की ते," उलकान एजे फोनवर म्हणाल्या. "इकडे येणाऱ्या नारिनच्या टॅक्सीवाल्याकडे दे, मी इथे लावते. आता भट्टी पेटलेली आहे, लाकडं आत आहेत, तू काय वाट्टेल ते म्हण, मी हलवणार नाही."

"एक प्रश्न येईल एजे. त्याचं उत्तर चुकलं तर सगळं पुसतं."

"मग उत्तर आत्ताच सांगून ठेव."

सायकालला सांगायचं अक्षर तसं एकच होतं, पण प्रश्न तसाच येईल कशावरून. कधी आधी दुसराच येतो, कधी एक डिस्क उशिरा उठते आणि मांडणी अपुरी दिसते, तेव्हा स्वीकारणंही घातक. आणि ती जे बोलेल त्यातला कुठला शब्द तिकडे पोचताना लाकूड होईल, सांगता येत नव्हतं. "मी बघते," ती म्हणाली. मी बघते म्हणजे काय ते तिलाही माहीत नव्हतं. घाटात बर्फ होतं, कामं खोळंबली होती. आणि आपण तिथे जाऊन बसलो आणि डिस्क उठल्याच नाहीत तर बातमा आपासमोर आपण जो चेहरा घेऊन बसू तो हाच असेल, शांत, रुमाल नीट बांधलेला. हेच तिला नको होतं, बाकी कशाचीच भीती नव्हती.

गुरुवारी रोजा सोडल्यावर तिने कणकेच्या लहान लहान टिकल्या तेलात सोडल्या. गेलेल्यांसाठी गुरुवारी तेलाचा वास करायचा, तो त्यांच्यापर्यंत जातो, एवढंच त्यांच्यापर्यंत जातं असं आई म्हणायची. कुराण शिकवणाऱ्या बाई यावर काही बोलत नाहीत, फक्त खिडकी उघडतात. सायकालने आईचं नाव घेतलं, आजीचं घेतलं, आयत म्हटली, हात चेहऱ्यावरून फिरवले. सगळं नीट झालं. रोज नीट होतं. पाच वेळा नीट होतं. शेजारच्या ल्युदमिला पाव्हलोव्नाने दार वाजवून ताटली पुढे केली, "वास आला म्हटलं, आपल्यालाही मेलेल्यांत धरतायत का बघू." सायकालने तिला गरम गरम चार दिल्या. दार लावल्यावर ती पॅसेजमध्ये तशीच उभी राहिली, हाताला तेल, आणि तिला समजेना की आपण थकलो आहोत की भूक लागली आहे की आणखी काही. या तिन्हींना आत एकच जागा उरली होती.

शुक्रवारी दुपारी फोन वाजला. उलकान एजे कुजबुजत होत्या.

"ती आलीय."

"सांगितलंत?"

"नाही गं. तोंडच होईना. तिने आपले हेडफोन घेतले आणि बसली. मी म्हटलं आता काढेल, मग काढेल. काढतच नाही. मान हलवतेय, नेहमीसारखी, जिथे हलवायची तिथेच हलवतेय. सायकाल, त्यात काहीच वाजत नाहीय. मी वायर बघितली, वायर टेबलावर पडलीय." त्यांचा श्वास ऐकू आला. "आता तू मला सांग, ती काय ऐकतेय?"

सायकालने खुर्ची खिडकीकडे वळवली. खिडकीबाहेर बर्फ पडत नव्हतं, नुसतं आभाळ खाली आलं होतं. एका बाईला स्वतःचा आवाज पाठ आहे. तो नुसता ऐकावा म्हणून ती तिथे येते की विसरला जाऊ नये म्हणून, आणि किती शुक्रवार तो नुसत्या पाठांतरावर टिकेल, आणि एखाद्या शुक्रवारी मान हलायची जागा चुकली की मग काय. आणि आपल्याला काय पाठ आहे? आईचा आवाज कसा होता? ती शब्द आठवू शकत होती, धावदोरा की बखिया, पण ते शब्द आता तिच्याच आवाजात येत होते.

"एजे, फोन त्यांच्या कानाला लावा."

"बोलता येत नाही तिला."

"माहीत आहे. लावा."

खरखर झाली. हेडफोन काढल्याचा, रुमाल सरकवल्याचा आवाज. मग श्वास. म्हाताऱ्या माणसाचा, नाकातून येणारा, मध्येच अडणारा. सायकाल उठून उभी राहिली. मोठ्या माणसाशी बसून बोलायचं नसतं.

"बातमा आपा, मी सायकाल. तुमचा आवाज जिथे ठेवला होता ते बिघडलंय. माझ्या बोलण्याने बिघडलं, एजेंच्या हाताने नाही." श्वास तसाच. "आवाज आत आहे. मला वाटतं आहे. निघेल की नाही ते मला सांगता येणार नाही. मी बुधवारी येते. दिवे लागायच्या आत येते, इन्शाअल्लाह. निघाला तर दोघी मिळून ऐकू, नाही निघाला तर मी तुमच्याशेजारी बसेन."

इन्शाअल्लाह लोक पळवाट ठेवल्यासारखं म्हणतात, आई मात्र दोऱ्याला शेवटची गाठ मारावी तसं म्हणायची आणि मग दोरा दाताने तोडायची.  मग फोनवर नखाने ठोकल्यासारखं वाजलं, एकदा, आणि थोड्या वेळाने उलकान एजे म्हणाल्या, "जीव ओवाळून टाकीन गं तुझ्यावरून. ती उठून चालली. बूट घालतेय."

बुधवारी पहाटेची नमाज झाल्यावर सायकालने कार्ड मऊ कापडात गुंडाळून कपड्यांच्या मध्ये ठेवलं. एर्मेकने एका दिवसाची रजा दिली होती आणि दोन दिवस समजा म्हणाला होता. बसस्थानकात नारिनच्या गाड्या उभ्या होत्या पण ड्रायव्हर गाड्यांत नव्हते, एका जागी जमून चहा पीत होते, हे काही चांगलं लक्षण नव्हतं. त्यांतला एकजण, टोपी कानापर्यंत ओढलेला, तिच्याकडे आला.

"एजे, आज नको. घाटात वारं सुटलंय. रस्ता उघडा आहे पण दुपारी कदाचित अडवतील, मग बसा गाडीत डबा खात. उद्या सकाळी पहिली गाडी माझी, पुढची जागा तुमची, वचन."

"आजच जायला हवं."

"लग्न आहे?"

"नाही."

"देव न करो, कुणी गेलंय?"

"नाही. आज येते असं एकीला सांगितलंय."

"मग फोन करा ना तिला. उद्या येते म्हणावं. बर्फ आहे म्हणावं, बर्फ सगळ्यांना कळतं."

"त्यांना बोलता येत नाही."

"ऐकू तर येतं?"

"येतं," सायकाल म्हणाली. "म्हणूनच."

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग घाटाच्या दिशेला पाहिलं, जिथे काहीच दिसत नव्हतं. ग्लासातला उरलेला चहा त्याने बर्फावर ओतला. तिची पिशवी मागे टाकायला त्याने हात पुढे केला, पण तिने ती दिली नाही, पुढे बसून मांडीवरच घेतली. पुढचं दार जरा जोरात ओढावं लागत होतं. तिने ते ओढलं, आणि गाडी सुरू व्हायची वाट बघत, ओठ न हलवता, प्रवासाची दुआ म्हणायला लागली.